पावाशी थांबावं

मंडळी, दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत निर्वासित म्हणून राहिलेल्या पोलिश मुलांनी म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी मागच्या महिन्यात मी आपल्यातल्या दोघांना वाचायला दिल्या होत्या. एका काकूंनी तिसऱ्याच दिवशी कागद परत केले. म्हणाल्या, "नाही हो वाचवत. सारखं रडू येतं." मी विचारलं, कुठपर्यंत वाचलंत? तर मुलं अजून आगगाडीतच होती! कोल्हापूर यायला तीन वर्षं बाकी होती.

काकूंना मी नावं ठेवत नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट मला डाचते आहे. त्या आठवणींतलं मूल स्वतः फारसं रडत नाही. ते मोजत बसतं.

१० फेब्रुवारी १९४०ची रात्र घ्या. सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड ताब्यात घेतल्याला पाच महिने होत आलेले. दारावर धडाधड थापा, सामान बांधायला जेमतेम अर्धा तास. मग आगगाडीच्या, गुरं वाहायच्या वाघिणी. तळाला एक भोक, तोच संडास. बाहेर उणे तीस. आपल्या ठाण्याच्या येऊरला पारा अठरावर आला की आपण माळ्यावरून स्वेटर काढतो, त्यामुळे उणे तीस म्हणजे काय हे आपल्याला कळलंय असं निदान म्हणू तरी नये. सात वर्षांच्या मुलाला स्टालिन ठाऊक नसतो. आईने त्या अर्ध्या तासात काय उचललं आणि काय राहिलं, हे मात्र पक्कं ठाऊक असतं. डब्यात माणसं किती, गाडी चालली किती दिवस. पुढे रशियात, जंगलातल्या लाकूडतोडीच्या वस्तीत पाव तोलून मिळायचा, कामाच्या हिशेबाने. तो किती ग्रॅम, हे पन्नास-साठ वर्षांनीही चोख लिहिलेलं असतं, आणि धाकटा भाऊ गेला हे एका ओळीत. आपण त्या ओळीपाशी थांबून डोळे पुसतो. लिहिणारा थांबलाय पावापाशी. माझं म्हणणं, आपणही पावाशी थांबावं.

१९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, पोलिश सरकारशी मॉस्कोचा समेट झाला, या लोकांची सुटका झाली. हे मी भरभर सांगतोय, कारण मुलांनीही ते भरभरच सांगितलंय. सुटका म्हणजे दक्षिणेकडे चालू पडा, एवढंच. मध्य आशियात पोचेपर्यंत टायफस आणि उपासमार. तिथे कित्येक आयांनी आपली मुलं स्वतः नेऊन अनाथालयात सोडली. अनाथांच्या वाट्याला निदान खायला येत होतं आणि त्यांना देशाबाहेर काढतील अशी आशा होती. आई जिवंत असताना अनाथ म्हणून नाव लावायचं! आठ वर्षांच्या पोराने हे कसं समजून घेतलं असेल? बहुधा घेतलंच नाही, आणि तेही तसंच लिहिलंय.

१९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणचं पहलवी बंदर. उवांपायी अंगावरचे कपडे जाळले, डोक्यांचे गोटे केले. उपाशी पोटांना मटणाचा तुपकट रस्सा सोसला नाही, त्यानेच काही माणसं दगावली. मुलं पाव उशीखाली लपवायची. उद्याही मिळणार आहे, असं सांगितलं तरी.

तिथून काही जण कराचीमार्गे, १९४३ मध्ये, वळिवड्याला. छावणीत सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बाया आणि मुलं. १९४८ पर्यंत होती. इथे आपली छाती फुगते, कोल्हापूरने आसरा दिला म्हणून. फुगू द्या, थोडीशी. कारण त्या बराकी रिकाम्या झाल्यावर तिथे फाळणीतले सिंधी निर्वासित आले; आजचं गांधीनगर ते हेच. आणि आपल्या दाराशी कल्याणची लष्करी छावणी होती, तिचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. जीन्स घ्यायला आपण "कॅम्पात" जातो, रिक्षावाल्याला "कॅम्प नंबर तीन" सांगतो. कसला कॅम्प, ते विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. शाळेतला माझा एक मित्र कोपरीत राहायचा. त्याची आई नऊ वर्षांची असताना कराचीहून बोटीने आलेली. सुट्टीत ती आम्हा पोरांना राणीच्या बागेत न्यायची: मित्र, त्याची बहीण, मी आणि माझा भाऊ. ठाणे स्टेशनात गाडी दिसली की ती प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायची, "हिकु, ब, टे, चार, पंज." भायखळ्याला उतरल्यावर पुन्हा. आम्ही चौघं. पाचव्या वेळी हात हवेतच जरा थांबायचा. आम्हाला वाटायचं, ती स्वतःलाही धरते. आम्ही तिची नक्कलही करायचो, खिदळत.

त्या आठवणी वाचताना, गाडीच्या डब्यातल्या पानावर, तो हात मला आठवला. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "आईला जाऊन बारा वर्षं झाली रे. बोटीवर चढताना ती पाच भावंडं होती."