समज देण्यात आली

[दृश्य: वकिलांचं टेबल. भाजीच्या प्लास्टिक पिशवीतून घड्या पडलेले कागद एकेक करून बाहेर येतात.]

निवेदन: हे सगळे एनसीचे कागद. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करत नाहीत. पोलीस ठाण्यात जायचं, तक्रार सांगायची, अंमलदार ती उतरवून घेतात, एक प्रत हातावर ठेवतात आणि घरी जायला सांगतात. या पिशवीत अशा सात प्रती आहेत. पाच वर्षांतल्या, एकाच नवऱ्याविरुद्धच्या.

[क्लोजअप: कागदावरून सरकणारं बोट]

‘दारू पिऊन येऊन, जेवण उशिरा का वाढले या कारणावरून लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ व दमदाटी केली.’ कलम ३२३, ५०४, ५०६. शेजारी ठेवलेल्या झेरॉक्स प्रती बाईंच्या आताच्या वकील मॅडमनी नंतर ठाण्यातून काढल्या. त्यांवर पुढचा शेराही आहे: ‘सदर इसमास बोलावून समज देण्यात आली.’ सातांपैकी चार ठिकाणी. बाकी तीन ठिकाणी तेवढंही नाही.

नवऱ्यानं बायकोचा छळ करणं हा १९८३ पासून, कलम ४९८अ खाली (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. सातही वेळा ते कलम लागलं नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा वेगळा कायदा आहे, त्यात संरक्षण आदेश मिळतो, हे या बाईंना कुणी सांगितलं असेल तर ते येरवड्याच्या तुरुंगात, शेजारच्या बंदिनीनं.

[दृश्य: शिवाजीनगर न्यायालयाचं आवार. झाडाखाली टायपिंगवाले, काळे कोट, चहाची किटली.]

बाईंचं नाव आम्ही सांगत नाही. पुण्यातल्याच एका वस्तीत राहायच्या, चार घरची धुणीभांडी करायच्या. आठव्या वेळी त्या पोलीस ठाण्यात गेल्या त्या स्वतःहून, पहाटे. नवरा मेला होता.

कोर्टाच्या खोलीत कॅमेरा चालत नाही. म्हणून खटला आपण कागदांवरूनच पाहू.

[दृश्य: फाईलमधला पंचनाम्याचा फोटो, मग मुद्देमालाचा]

हा मुद्देमाल. खाकी कागदात गुंडाळलेली वस्तू, त्यावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील, चिकटवलेल्या लेबलवर दोन पंचांच्या सह्या. एका पंचाची सही म्हणजे नुसता अंगठा. आत आहे वरवंटा. पंचनाम्यात त्याची लांबी आणि वजन आहे, ‘एका टोकास रक्तसदृश डाग’ आहेत. पाटा मात्र जप्त झाला नाही, तो अजून त्याच घरात आहे.

त्या रात्री आधी मारहाण झाली. वैद्यकीय तपासणीत बाईंच्या अंगावर सात जखमा नोंदल्या आहेत. गळ्यावर बोटांचे वळ आहेत. मग तो थांबला आणि पलंगावर आडवा झाला. ‘आता झोप काढून उठतो आणि तुला संपवतो’ असं तो म्हणाला, हे बाईंचं सांगणं. पुढे किती वेळ गेला? सरकारी पक्ष म्हणतो, निदान तासभर. बाई म्हणतात, मोठ्या पोराला शेजारी सोडून आले तेवढाच. सगळी केस या मधल्या वेळावर उभी आहे.

[दृश्य: वकील मॅडम कपाटातून जुनं, पान सुटलेलं दंड संहितेचं पुस्तक काढतात]

स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेपासून आहे, कलम ९६ ते १०६. शंभराव्या कलमात तो सर्वांत पुढे जातो. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव घेतला तरी गुन्हा होत नाही. एकशे दोनावं कलम सांगतं, भीती आहे तोवर हक्क आहे. इथपर्यंत वाचलं की वाटतं, बाई सुटायला हव्यात.

पण मध्ये नव्याण्णवावं कलम आहे. सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. माणूस झोपलाय, दाराला कडी नाही, चौकी पंधरा मिनिटांवर. म्हणजे वेळ होता. सत्र न्यायालयानं हेच धरलं आणि बाईंना खुनासाठी दोषी ठरवलं.

[मॅडम – बाइट: ‘अहो, सात वेळा गेलीच होती ना ती दाद मागायला! अजून किती वेळा जायचं?’]

हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रस्त्यावर भिडलेले दोन बरोबरीचे पुरुष होते, असं आमचं मत. तिथे हल्ला सुरू होतो आणि संपतो. दहा बाय बाराच्या खोलीत तो रात्रीपुरता थांबतो.

[दृश्य: एनसीच्या सात प्रती टेबलावर ओळीनं मांडलेल्या]

आता या कागदांचं काय झालं ते ऐका. बचावानं दाखवण्याआधीच ते सरकारी पक्षानं हजर केले. कशासाठी? खुनाचा हेतू सिद्ध करायला. नवरा मारायचा, म्हणून राग होता, म्हणून मारला. जी नोंद भीतीचा पुरावा म्हणून उभी राहायला हवी, ती रागाचा पुरावा म्हणून उभी राहिली.

आणि बचाव? ही त्या वेळच्या वकिलांनी घेतलेली भूमिका पाहा.

[क्लोजअप: आरोपीच्या जबाबाची पानं]

साक्षीपुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला एकेक मुद्दा विचारतात, कलम ३१३ चा जबाब. प्रश्न क्रमांक १४: घटनेच्या रात्री तुम्ही घरात होता, याबाबत काय म्हणणे आहे? उत्तर: खोटे आहे. १५: खोटे आहे. १६: खोटे आहे. अशी चार पानं. शेवटचा प्रश्न, आणखी काही सांगायचे आहे काय? उत्तर: नाही. सरसकट नकार द्यायचा, असा सल्ला मिळाला होता. चोरीच्या केसमध्ये तो चालतोही. स्वसंरक्षणाच्या केसमध्ये ‘मी मारलं, पण’ या वाक्यानं सुरुवात करावी लागते, आणि ते ‘पण’ सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. आरोपीनं स्वतः हा बचाव घेतला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालयानं विचारात घ्यायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकातच म्हटलं आहे. मॅडमचं अपील मुख्यतः यावरच आहे.

निकालपत्रात नानावटी खटलाही आला आहे. बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचा तो मुंबईचा खटला मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, प्रक्षोभ झाला खरा, पण शांत व्हायला पुरेसा वेळ गेला होता. म्हणून खूनच. जन्मठेप कायम राहिली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली, तो भाग मात्र या निकालपत्रात नाही. असण्याचं कारणही नाही म्हणा.

[दृश्य: जुनी वर्तमानपत्रं, मोर्चाचे कृष्णधवल फोटो]

पुण्याला हा विषय नवा नाही. जून १९८२ मध्ये लग्नाला चार महिने झालेली एक मुलगी पुण्यात सासरी विषबाधेनं मेली. त्या काळातल्या संतापातून विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा नारी समता मंच उभा राहिला. सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. परिस्थितिजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्या आज प्रत्येक वकील पाठ म्हणतो, त्या याच सारडा खटल्यातल्या.

पुढे २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका हुंडाबळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चार भिंतींच्या आत मृत्यू झाला तर काय घडलं याचा खुलासा घरातल्यांनी द्यायचा. पुरावा कायद्याचं कलम १०६. नियम मेलेल्या सुनांसाठी आला. या खटल्यात त्यानंच बाईंना गाठलं.

[दृश्य: मॅडम लॅपटॉपवर निकाल दाखवतात]

वेगळे निकालही आहेत. मद्रास उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये दीर्घकाळ साचलेला प्रक्षोभ मान्य केला. गुवाहाटी उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये मार खाणाऱ्या स्त्रीच्या मनःस्थितीचा विचार करून खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवध या सौम्य गुन्ह्यावर आणला. इंग्लंडमध्ये किरणजीत अहलुवालिया या पंजाबी बाईंना १९८९ मध्ये जन्मठेप झाली, नवरा झोपेत असताना त्याला पेटवल्याबद्दल. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स संघटनेनं मोहीम चालवली, १९९२ मध्ये अपिलात खुनाची शिक्षा रद्द झाली, फेरखटल्यात सदोष मनुष्यवध धरला गेला आणि भोगलेल्या शिक्षेवर त्या सुटल्या. तिथल्या २००९ च्या कायद्यानुसार तोल अचानकच सुटला पाहिजे अशी अट आता नाही. न्यूयॉर्क राज्यानं २०१९ मध्ये अशा स्त्रियांची शिक्षा कमी करण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला.

आपल्याकडे न्यायाधीशाचे हात बांधलेले आहेत. खून म्हटलं की जन्मठेप किंवा फाशी, खाली काही नाही. आणि अशी जन्मठेप म्हणजे किमान १४ वर्षं प्रत्यक्ष आत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा हे सगळं नव्यानं लिहायची संधी होती. स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४ झाली, मजकूर जवळजवळ शब्दशः तोच. खुनाची शिक्षाही तीच.

[दृश्य: येरवडा तुरुंगाबाहेर मुलाकतीची रांग. पिशव्या, आधारकार्डं, एक म्हातारी आणि दोन मुलं. इथे निवेदन नाही, वीस सेकंद.]

मुलं आजीकडे आहेत. थोरल्यानं नववीत शाळा सोडली. नवऱ्याच्या घरचे कॅमेऱ्यासमोर बोलले नाहीत.

[दृश्य: शिवाजीनगर स्थानक, मुंबईची गाडी. मॅडम खिडकीशी, मांडीवर फाईल.]

पुण्याचं अपील मुंबईला जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही. अपिलात निर्दोष सुटकेची मागणी आहेच. ती मान्य नसेल तर दुसरी: स्वसंरक्षणाची हद्द ओलांडली गेली असं धरा आणि खुनाऐवजी सदोष मनुष्यवध लावा. त्या कलमाच्या दुसऱ्या भागात कमाल दहा वर्षं आहेत, किमान काहीच नाही. तिथे न्यायाधीशाला सात एनसी, सात जखमा आणि ती रात्र एकत्र तोलता येईल.

[मॅडम – बाइट: ‘पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या सगळ्या कागदांचा संच, अजून तयार नाही. ते झालं की बोर्डावर येईल. तोवर जामिनाचा अर्ज टाकलाय, पुढच्या महिन्यात तारीख आहे.’]

[श्रेयनामावली]