चिक्कीचा तास, ब्रेडबोर्डचा तास आणि टेबल मात्र एकच

नमस्कार मंडळी, कसे आहात. आज खरं तर सोल्डरिंगचा, म्हणजे धातू वितळवून तारा जोडण्याचा, दुसरा भाग टाकणार होते, बोर्ड पण काढून ठेवलाय बघा इथे. पण गेले तीन आठवडे कमेंटमध्ये तेच तेच येतंय. "मॅडम मी कॉम्प्युटरचा टीचर आहे आणि मला भेळ करायला सांगितलीय." "ताई, वर्कशॉप आणि स्वयंपाक एकाच खोलीत कसा घ्यायचा?" आणि परवा एकाने लिहिलं, "वर्गात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेला मुलगा आहे, मुख्याध्यापक म्हणतात त्याला बाहेर बसवा." ते "बाहेर बसवा" वाचलं आणि सोल्डरिंग राहिलं बाजूला.

बेसिक पटकन सांगते, बहुतेकांना माहीतच आहे. 2020 चं शैक्षणिक धोरण आलं, मग 2023 चा अभ्यासक्रम आराखडा, त्यात सहावी ते आठवी व्यवसाय शिक्षण आहे, दरवर्षी तीन प्रकल्प, एक सजीवांसोबतच्या कामाचा, एक यंत्र आणि साहित्याचा, एक मानवी सेवेचा. एनसीईआरटीचं सहावीचं कौशल बोध हे पुस्तक उघडलं तर त्यात परसबाग आहे, मेकर स्किल्स आहे, अ‍ॅनिमेशन आणि गेम्स आहे, आणि आगीविना स्वयंपाक पण आहे. आता शाळेत हे सगळं कोणाच्या गळ्यात पडणार? ज्याच्याकडे स्क्रू ड्रायव्हर आहे त्याच्या.

आपल्या महाराष्ट्राला हे तसं नवीन नाहीये. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम, डॉ. कलबाग सरांनी 1983 मध्ये सुरू केला, तिथून ते आयबीटी आलं, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. म्हणजे वेल्डिंग आणि चिक्की एकाच विषयात, आणि मला ते भयंकर आवडतं, मी त्यातूनच आलेय. तेव्हा स्वयंपाक टेक्नॉलॉजीत कशाला असं लिहिणाऱ्या दादांना माझं उत्तर एवढंच, की चिक्कीचा पाक गोळीबंद आला की नाही हे ओळखायला जी नजर लागते ना, तीच वेल्डिंगला लागते. असो.

आता मुद्दा. तुमच्या शाळेत लॅब किती? एक. टेबलं किती? चार, त्यातलं एक डगमगतं. बुधवारी त्याच टेबलावर चिक्की लाटायची, गुरुवारी त्याच टेबलावर ब्रेडबोर्ड (सर्किट जोडायची भोकांची पट्टी, पावाची नव्हे) आणि कीबोर्ड ठेवायचे. मधल्या वेळात काय होतं? कोणीतरी सॅनिटायझर फवारतं, टिश्यू फिरवतं, आणि झालं म्हणे स्वच्छ.

नाही झालं हो! कोविडने आपल्या डोक्यात एक गोष्ट इतकी घट्ट बसवलीय की वास आला की वाटतं सगळं मेलं. अ‍ॅलर्जी जंतूमुळे होत नाही, ती होते प्रोटीनमुळे, शेंगदाण्यातल्या प्रोटीनमुळे. प्रोटीन जिवंतच नसतं तर मरणार कुठून? सॅनिटायझरने ते फक्त पसरतं. ते तिथून उचलून न्यावं लागतं, म्हणजे साबण, पाणी, घासणं, आणि मग वाहतं पाणी. टेबल धुता येत नसेल तर साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं, मग साध्या पाण्याचं दुसरं फडकं, मग कोरडं. तीन फडकी. मुलांच्या हातांचं पण तेच, जेल लावून काही उपयोग नाही, नळावर पाठवा.

हे मला कसं कळलं ते सांगते, आणि यात माझीच चूक आहे, कोणा दुसऱ्याची नाही. काही वर्षांपूर्वी, जानेवारी, नाशिकची ती कडाक्याची थंडी, संक्रांत तोंडावर. आम्ही आदल्या दिवशी तीळ-शेंगदाण्याची चिक्की केली होती, वर्ग नुसता दरवळत होता. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी, एलईडीचा सर्किट तास. मी स्वतः, या हातांनी, टेबलावर सॅनिटायझर मारला होता. सातवीतली एक मुलगी, अगदी शांत, तिने सर्किट केलं, मधली सुट्टी झाली, हात न धुता डबा खाल्ला. दहाएक मिनिटांत आली, "मॅडम ओठ जड झालेत." बघते तर ओठ सुजलेले, मानेवर गांधी उठलेल्या. रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, बरी झाली. (रिक्षा का चुकीची ते पुढे सांगते.)

पण खरी गोष्ट पुढे आहे. मी तिचा फॉर्म काढला. "अ‍ॅलर्जी आहे का?" त्यापुढे स्वच्छ अक्षरात: नाही. आई आली तर मी विचारलं, अहो शेंगदाण्याचं काही आहे का हिला? आई म्हणाली, "अ‍ॅलर्जी नाही हो मॅडम, शेंगदाण्याने पित्त उठतं फक्त. कोकमाचं सरबत देतो आम्ही."

पित्त उठतं! घ्या. आपल्या भाषेत अंगावर गांधी आल्या की पित्त उठलं म्हणतात, पोटात जळजळलं तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त. अ‍ॅलर्जी हा शब्द डॉक्टरचा, तो फॉर्मवर छापला की आईवडील म्हणतात आमच्या पोराला एवढं मोठं काही नाही. आईने खोटं लिहिलं नव्हतं, प्रश्नच चुकीचा होता. म्हणून माझ्या फॉर्मवर आता तो शब्द सगळ्यात शेवटी येतो. आधी विचारते: काय खाल्लं की अंगावर पित्त किंवा गांधी उठतात? काय खाल्लं की ओठ, जीभ, घसा खाजतो? काय खाल्लं की लगेच उलटी, खोकला, दम लागतो? काय घरात मुद्दाम देत नाही, आणि का? हा चौथा प्रश्न सोन्यासारखा आहे. एका आजोबांनी लिहिलं होतं, "वांगं देत नाही, खाज येते." इंग्रजी फॉर्मवर ते वांगं कधीच आलं नसतं. आणि हो, फॉर्म जूनमध्ये एकदा भरला की संपलं असं नाही, दिवाळीनंतर परत विचारा.

कोणीतरी लिहिणारच की "आम्ही लहानपणी सगळं खायचो, काही झालं नाही." दादा, तुम्हाला काही झालं नाही म्हणून तुम्ही कमेंट लिहू शकताय.

परत टेबलाकडे येते, कारण दुसरा गैरसमज आहे भाजण्याचा. "मॅडम, दाणे भाजलेले होते, कच्चे नव्हते." अहो शेंगदाणा भाजल्याने उलट त्याची अ‍ॅलर्जी जास्त जोरात होते असं दिसून आलंय. दूध उकळल्यावर जंतू मरतात ते बरोबर, पण ज्याला दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे त्याला उकळलेलं दूधही नाही चालत. (आणि दुधाने पोट फुगणं, जुलाब होणं हे बऱ्याचदा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचल्यामुळे असतं, ते वेगळं, दोन्हीची गल्लत नको.) तेलाचं तसंच. दुकानातलं रिफाइंड शेंगदाणा तेल असेल तर त्यातलं प्रोटीन जवळजवळ निघून गेलेलं असतं, पण आता गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत सगळ्यांना लाकडी घाण्याचं तेल हवंय, त्यात ते राहतं. घाण्याचं तेल छानच असतं, मी पण वापरते. पण लॅबमध्ये आणताना "तेलच तर आहे" म्हणू नका.

तिसरं, फडकं. मावशींनी चिक्कीचा पाट पुसला त्याच फडक्याने लेथचं हँडल पुसलं, कीबोर्ड पुसला. मावशींना कोणी सांगितलंय का कधी? ट्रेनिंग आपल्याला, तेही मोबाईलवर दोन तास, आणि फडकं त्यांच्या हातात. मी आता रंग ठरवलेत, खाण्याच्या टेबलाचं फडकं पिवळं, वर्कशॉपचं निळं, आणि पिवळं निळ्या बादलीत दिसलं की मी ओरडते. सगळे हसतात. हसू देत.

बरं, भेळीवाल्या सरांना आणि त्या "बाहेर बसवा" लिहिणाऱ्यांना एकच उत्तर. सर, भेळ करा, मुलाला बाहेर बसवू नका. सगळ्या वर्गाचीच भेळ शेंगदाण्याशिवाय करा, त्यात कोणाचं काय जातंय? चिवड्याच्या गावात राहतो आपण, दाणे खाण्याची हौस घरी भागते. फक्त दाणे काढले म्हणजे सुटलो असं नाही, फरसाणाचं पाकीट उलटं करून वाचा. एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी संस्था, तिच्या 2020 च्या लेबलिंग नियमांत ठरावीक अ‍ॅलर्जन (म्हणजे अ‍ॅलर्जी उठवणारे घटक) वेगळे जाहीर करावे लागतात: ग्लूटेनवाली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे आणि काजू-बदाम वगैरे, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणावर सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते). त्या यादीत तीळ नाहीये! अमेरिकेत 2023 पासून तीळ यादीत घेतलेत, आपल्याकडे संक्रांत असून नाहीत. मोहरी पण नाही, हरभरा पण नाही. म्हणजे खालची ठळक ओळ वाचून थांबलात तर तीळ निसटणार, वरची घटकांची बारीक यादी पूर्ण वाचायची. आणि सुटं फरसाण आणलं तर वाचायला काहीच नाही, तेव्हा लॅबसाठी सुटं आणूच नका.

सल्फाइटवरून आठवलं, मागे मी बेदाण्याबद्दल बोलले तर निफाडकडच्या एका भाऊंनी चांगलंच सुनावलं, आमच्या द्राक्षांना बदनाम करता म्हणून. भाऊ, तुमचा बेदाणा उत्तमच आहे. मी एवढंच म्हटलं होतं की जो बेदाणा पिवळाधमक राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, त्यात सल्फाइट राहतं आणि दम्याच्या काही मुलांना त्याने त्रास होतो. काळा मनुका आणा, प्रश्न मिटला. तो पण आपलाच.

खाण्यापलीकडचं पण बघा जरा. सोल्डरिंगच्या वायरमधल्या राळेचा धूर दमा उठवतो, त्यामुळे खिडकी उघडी आणि पंखा धूर बाहेर ओढणारा हवा, मुलांच्या तोंडावर मारणारा नको. पावडरवाले लेटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे, ग्लोव्हज स्वयंपाकाच्या तासाला कोणी वाटत असेल तर थांबवा, नायट्राइलचे घ्या. फुग्याने ज्याचे ओठ सुजतात त्याला लेटेक्सचं असू शकतं, आणि अशा काही जणांना केळं पण सोसत नाही.

आता ती रिक्षा. तेव्हा मी मुलीला हाताला धरून चालवत गेटपर्यंत नेलं. ते चूक. श्वास लागतोय, आवाज बसतोय, चक्कर येतेय, गांधींसोबत उलट्या होतायत, यातलं काही दिसलं की मुलाला आडवं करायचं, पाय वर, श्वास लागत असेल तर टेकून बसू द्यायचं, पण उठवायचं नाही, चालवायचं नाही. एकाने 108 लावायचा, एकाने पालकांना फोन. यावरचं औषध अ‍ॅड्रेनालिन, त्याचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, घशाची सूज थांबवत नाही, म्हणून गोळी देऊन वाट बघत बसू नका. डॉक्टरांनी एखाद्या मुलाला अ‍ॅड्रेनालिन लिहून दिलं असेल तर ते कुठे ठेवलंय, कोण देणार, डोस किती, हे डॉक्टर आणि पालकांकडून लेखी घ्या, त्यांच्याकडूनच द्यायला शिका, आणि ते कुलपात ठेवू नका! चावी ज्यांच्याकडे असते ते त्या दिवशी नेमके मीटिंगला असतात. मूल बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचं, काही तासांनी परत उलटू शकतं. आणि अँब्युलन्स आमच्या नाशिकच्या द्वारका चौकात अडकली तर काय, हे आदल्या दिवशीच ठरवायचं, जवळचं हॉस्पिटल कोणतं, गाडी कोणाची.

मुख्याध्यापक कोणी बघत असतील तर, सर, मॅडम, टीचरला तुम्ही विषय दिलात, परिपत्रक रात्री साडेदहाला ग्रुपवर टाकलंत, खाली सगळ्यांनी अंगठे पण दाखवले. वेळापत्रकात धुण्याची वीस मिनिटं कुठे आहेत? पस्तीस मिनिटांच्या तासात भेळ, समजावणं, खाणं आणि तीन फडकी बसत नाहीत हो. दोन तास जोडून द्या. चाळीस मुलांमागे अजून एक माणूस द्या, तो तज्ज्ञ नसला तरी चालेल, फक्त नळापाशी उभा राहील. साबणाचे पैसे टीचरच्या खिशातून जाऊ देऊ नका, एवढं तर कराच. आणि फॉर्ममधली माहिती ऑफिसच्या कपाटात ठेवू नका, जो तास घेतोय त्याच्या हातात द्या, बदली तासाला आलेल्याच्या पण.

फॉर्मचे चारही प्रश्न खाली डिस्क्रिप्शनमध्ये मराठीत टाकतेय, अहिराणीत पण हवेत, कारण सटाणा, कळवणच्या बऱ्याच टीचर्सनी मागितलेत. तिकडे पित्ताला, गांधींना घरात नेमकं काय म्हणतात ते कमेंटमध्ये लिहा, मी तसेच शब्द घालते. सोल्डरिंग पुढच्या रविवारी, नक्की. थांबा, आधी हे टेबल पुसते, सकाळी इथे दाणे निवडले होते.