शेरिडन स्ट्रीट: निघायच्या तयारीची पेठ

(पहाट. रिकामा रस्ता. टपावर कॅनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, बांधलेली गाडी सावकाश समोरून जाते.)

मिनियापोलिसहून उत्तरेला चार-साडेचार तास गाडी चालवली की आधी शेतं संपतात, मग मॉल संपतात आणि शेवटी मोबाइलची रेंजही लपंडाव खेळायला लागते. दोन्ही बाजूंना पाइन, स्प्रूस आणि पांढऱ्या खोडांचे बर्च. मग हायवे 169 बघता बघता गावचा मुख्य रस्ता होतो. पाटी दिसते: शेरिडन स्ट्रीट.

हे मिनेसोटा राज्यातलं ईली. वस्ती सव्वातीन हजारांच्या आसपास. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहत असतील.

पेठ म्हणाल तर मोजक्या चौकांची. पण दुकानं जरा निरखून बघा. इथे तंबू, तिथे नकाशे, पलीकडे भाड्याच्या कॅनू एकीवर एक रचलेल्या. आमिषाच्या दुकानात फ्रिज उघडला तर डब्यांत जिवंत जळवा वळवळताना दिसतात. गळाला लावायला लोक त्या डझनाने नेतात. पर्यटनाच्या गावात दुकानदार सहसा विचारतो, किती दिवस मुक्काम? इथे तीन ठिकाणी आम्हाला एकच प्रश्न आला: "निघताय कधी?"

कारण गावाच्या पुढे बाउंड्री वॉटर्स आहे. कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरलेलं दहा लाख एकरांहून मोठं रान आणि त्यात हजाराहून जास्त तळी. बहुतेक तळ्यांवर मोटरबोट चालत नाही, वल्हं मारायचं. एक तळं संपलं की कॅनू डोक्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. याला पोर्टेज म्हणतात.

(दुकानाच्या मागचं अंगण. एक तरुण कॅनू उलटी करून खांद्यावर घेतो.)

या कॅनूच्या मधोमध लाकडी आडवी पट्टी आहे, मानेला बसेल अशी कोरलेली. बघताक्षणी ओळखीची वाटली. हे तर बैलाचं जू! आणि इंग्रजीतही तिला जूच म्हणतात. वीसेक किलोची, केव्हलार नावाच्या हलक्या पण चिवट धाग्याची कॅनू तो पोरगा छत्री उचलावी तशी उचलतो. आम्ही उचलली तेव्हाचं चित्रीकरण दाखवत नाही. पोर्टेजचं अंतर नकाशावर रॉडमध्ये लिहिलेलं असतं. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कॅनूची लांबी. म्हणजे रस्ताही इथे नावेनेच मोजतात.

ही वाट मूळची इथल्या आदिवासी ओजिब्वे लोकांची. बर्चच्या सालीची हलकी नाव त्यांच्या हातची. 1854 च्या तहात हा मुलूख त्यांच्याकडून अमेरिकेच्या सरकारकडे गेला. मग लोखंड सापडलं. 1888 पासून चँडलर खाणीतून खनिज बाहेर जाऊ लागलं, पाठोपाठ पायोनियर, झेनिथ अशा आणखी खाणी निघाल्या. स्लोव्हेनियातून आणि फिनलंडमधून आलेली माणसं जमिनीखाली उतरली. त्यांच्यामागे उरलेली एक गोड खूण म्हणजे पोटिट्सा. पोळीसारखी पातळ लाटलेली कणीक, त्यावर अक्रोडाचं सारण, गुंडाळी करून भाजलेली. आपल्या बाकरवडीची ही गोड, मऊ लांबची बहीण असावी.

1967 मध्ये पायोनियर बंद झाली आणि खाणींचं पर्व संपलं. खचलेल्या खाणींत पाणी भरलं आणि त्याचंही तळं झालं, मायनर्स लेक. जिथे आजोबा खाली उतरत होते, तिथे आता नातू गळ टाकून बसतो.

आता वाटेल, खाण गेली, पर्यटन आलं, सगळे खूश. तसं नाही झालं. रानात मोटरबोटी बंद कराव्यात की नाही, यावरून हे गाव अक्षरशः दुभंगलं. सिगर्ड ओल्सन हे इथलेच, कॉलेजात डीन होते, कॅनूच्या व्यवसायातही भागीदार होते. रान राखायला हवं असं ते म्हणायचे. 1977 साली गावात जाहीर सुनावणी झाली, तेव्हा बाहेर त्यांचा पुतळा फासावर लटकवला होता. पुढच्या वर्षी कायदा झालाच. आज त्याच कायद्याने राखलेल्या रानाच्या जिवावर ही पेठ चालते. आणि भांडण अजूनही मिटलेलं नाही, फक्त विषय बदललाय: आता तांबं आणि निकेल. 2023 मध्ये केंद्र सरकारने सव्वादोन लाख एकरांवर नव्या खाणींना 20 वर्षांची बंदी घातली, आणि वाद तिथेही थांबला नाही. कुणी खाणीची बाजू घेतली तर लगेच नाक मुरडू नये. हिवाळ्यात उणे तीसला दुकान बंद ठेवून बसणाऱ्या माणसाला बारमाही पगार हवा असतो, हे समजण्यासारखं आहे.

(डॉरथी मोल्टर संग्रहालय. मोडक्या वल्ह्यांचं कुंपण.)

याआधीही रान राखायचा एक कायदा झाला होता, 1964 चा. त्याच्या तडाख्यातून एक बाई मात्र सुटली. डॉरथी मोल्टर, शिकागोकडची नर्स. 1930 मध्ये फिरायला आली आणि पुढे नाइफ लेकच्या बेटावरच राहिली. रस्ता नाही, शेजार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तळ्याच्या पाण्याची, तळ्यातूनच कापलेल्या बर्फावर गार केलेली रूट बिअर पाजायची. ही बिअर नव्हे, मसालेदार गोड सरबत. एका उन्हाळ्यात हजारो माणसं तिच्याकडे येऊन जायची. सरकारने निघून जायला सांगितलं, तेव्हा लोकांनीच एवढा गलका केला की मरेपर्यंत राहायची मुभा मिळाली. 1986 च्या डिसेंबरात ती गेली. मग गोठलेल्या तळ्यांवरून, कुत्र्यांच्या गाड्या आणि स्नोमोबाइल लावून, लोकांनी तिच्या लाकडी झोपड्या सुट्या करून गावात आणल्या. लोकांची मोडलेली वल्ही ती कुंपणाला लावायची. तसंच कुंपण इथेही आहे. एकेक वल्हं रंगवलेलं, कुठे नाव, कुठे साल.

(पुन्हा दुकान. सकाळ. सामानाची तपासणी.)

आता आमची पाळी. परवाना घेताना नियम समजावून सांगतात. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं, चार नावा. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायच्या नाहीत.

आमच्या पिशवीतून निघाला केशर आमरसाचा डबा. साडेआठशे ग्रॅमचा.

दुकानातल्या पोराने तो हातात घेऊन फिरवला, मान हलवली आणि आतून झाकणाची प्लास्टिकची बरणी आणून दिली. काउंटरवरच डबा फोडला, रस बरणीत ओतला. तळाशी चिकटलेला उरला तो मी फेकणार, एवढ्यात त्याने विचारलं, "चाखून बघू?" चमचा शोधून आणला. डब्याची कड न कड खरवडून झाली, तेव्हा कुठे तो आमची कॅनू टपावर बांधायला बाहेर गेला.