बरणीतले त्रेपन्न पाहुणे

नमस्कार श्रोतेहो.

कढीपत्त्याच्या कुंडीत हिरवी अळी दिसली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो झटकून टाका, दुसरा म्हणतो राहू दे, फुलपाखरू होईल. (कढीपत्ता विकत आणायची वस्तूच नव्हे, हे माझं ठाम मत. भाजीवाल्याने तो पिशवीत वरून टाकायचा असतो. असो.)

माझी भाची दुसऱ्या पक्षातली. अळीने फांदीवरच कोश केला. तिसऱ्या दिवशी हिने फांदी कापली, बरणीत ठेवली, तोंडाला जुन्या ओढणीचं फडकं बांधलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, ‘फुलपाखरू’. एक आठवडा गेला, दुसरा गेला. कोश तपकिरी पडला. मग एका सकाळी बरणीत चिलटंच चिलटं! भाची रडकुंडीला आली. ताई म्हणाली, “केळ्याची सालं तिथेच ठेवता, दुसरं काय होणार?”

मी मोबाइलवर फोटो काढला आणि ओळखीच्या एका कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवला. उत्तर आलं, “ठिपके छान आलेत.” मग सूचना आल्या. वरून एक फोटो, कडेने एक, तोंडाचा एक. शेजारी आलेखाचा कागद. आणि तो कोश फेकू नका! किडे स्थिर बसावेत म्हणून बरणी दहा मिनिटं फ्रीजमध्ये गेली, श्रीखंडाच्या डब्याशेजारी. ताई दोन दिवस बोलली नाही.

पण मोबाइलला भिंगाची क्लिप लावली आणि काय सांगू! चिलटं कसली, हिरव्या धातूसारखी चमकणारी अंगं. मिशा कोपरात वाकलेल्या. पंखांवर शिरांचं जाळंच नाही, पुढच्या कडेला तेवढी एक ठळक शीर. लांबी कागदावर जेमतेम अडीच मिलिमीटर. कोशाला बारीक गोल भोक.

“टेरोमॅलस प्युपॅरम,” प्राध्यापक म्हणाले, “बहुतेक.” ही परोपजीवी गांधीलमाशी. अळीपाशी दबा धरून बसते, अळीने कात टाकून कोश केला की तो कोवळा असतानाच आत अंडी घालते. तिची पिल्लं आतूनच कोश फस्त करतात. हे सगळं आमच्या गॅलरीत घडलं होतं, आम्ही चहा पीत होतो तेव्हा.

तर श्रोतेहो, फोटो काढताना तीन गोष्टी. पंख, मिशा, आणि माशी कशातून निघाली. पुन्हा सांगतो: पंख, मिशा, आणि कशातून निघाली. कोबीवरच्या मेलेल्या, फुगलेल्या माव्यातून निघालेली माशी वेगळी, फुलपाखराच्या कोशातली वेगळी. फोटोवरून कूळ कळतं, फार तर प्रजातीचा अंदाज येतो. नक्की नाव हवं तर माशीच सूक्ष्मदर्शकाखाली घालावी लागते. मोबाइलच्या मेगापिक्सेलवर जाऊ नका, दुकानदार काहीही सांगतात.

भाचीने फोटोवरून मोजणी केली, चिठ्ठीवरचं ‘फुलपाखरू’ खोडलं आणि खाली लिहिलं, ‘गांधीलमाश्या, ५३. बहुतेक.’