पाठ निसटलेली पुस्तकं

(धुळ्यातील एका सार्वजनिक वाचनालयात १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, एका निवृत्त पुस्तकबांधणी कारागिराने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी माझी ओळख ‘ग्रंथप्रेमी’ अशी करून दिली. ती दुरुस्त करतो. मी बाइंडर. चाळीस वर्षं या वाचनालयाची पुस्तकं बांधली, माझ्याआधी वडिलांनी बांधली. पुस्तकाची आणि माझी ओळख पाठीकडून झाली, पानांकडून फार नंतर. आज भाषण द्यायचंय म्हटल्यावर घरात हसू झालं. मंडळी म्हणाली, “काय सांगशात तुम्ही? खळ कशी करतस ते?”

तर तेच सांगतो. खळ मैद्याची. मंद आचेवर शिजवायची आणि त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं. मोरचूद विसरलात तर झुरळं आणि कसर मिळून महिन्याभरात पुस्तकाचा फडशा पाडतात. पुस्तक हातात आलं की जुना पुठ्ठा उतरवायचा, जुज सुटे करायचे, सोळा पानांचा एक जुज. घडीवर फाटलं असेल तिथे पातळ कागदाची पट्टी. मग शिलाई, शिकंज्यात दाबणं, छाटणी, कापडी पाठ. आता गंमत अशी, की प्रत्येक छाटणीत पुस्तक कडेनं थोडं बारीक होतं. तिसऱ्यांदा बांधायला आलेल्या पुस्तकाला समास म्हणून काही उरत नाही. वाचताना अंगठा थेट ओळीवर येतो. अशी पुस्तकं मी दुकानात वेगळ्या फळीवर ठेवायचो. गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगायचो, ही धुळ्यानं वाचलेली पुस्तकं.

कारण न वाचलेली पुस्तकंही मला माहीत होती ना! आत शिरल्याबरोबर समोर दिसणारं काचेचं कपाट आठवा. चामडी बांधणी, सोनेरी अक्षरं, कोणा ना कोणाच्या स्मरणार्थ दिलेले संच. चाळीस वर्षांत त्यातलं एकही माझ्याकडे आलं नाही. देणाऱ्याचा भाव मोठा, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पाहुण्यांना आपण ते कपाट दाखवतो आणि मागच्या रॅकवरच्या उसवलेल्या कादंबऱ्या झाकतो, हे मला कधी पटलं नाही. दाखवायचं असेल तर ते उसवलेलं दाखवावं. पाकक्रियेच्या पुस्तकावर तेलाचा डाग, रहस्यकथेच्या कोपऱ्याला चहाचं वर्तुळ, मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्क्यावर शिक्का. वाचनालयाचा खरा ताळेबंद त्या चिठ्ठीवर असतो.

ज्यांच्या नावानं आजचा दिवस पाळतात ते डॉ. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलंच सूत्र: पुस्तकं वापरासाठी असतात. सांभाळून ठेवण्यासाठी असतात असं ते म्हणाले नाहीत. मला हे सूत्र इथल्या ग्रंथपालांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, साहेब, हे तर आमच्या धंद्याचं सूत्र आहे.

आता कोणी म्हणेल, सांभाळणं महत्त्वाचं नाही का? आहे. आणि धुळेकरांनी तरी ते विसरू नये. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतून, अडगळीतून कागद गोळा केले. अखेरीस ते इथे आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. पलीकडे समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं आहेत. एका पांझरेकाठच्या गावाकडे हे सारं असावं, हे थोडं नाही. पण राजवाड्यांनी केलं काय, तर एकेका माणसाच्या माळ्यावर वाळवी लागून पडलेला कागद चारचौघांच्या उपयोगाला आणला. म्हणजे तिथेही शेवटी वापरच.

आपल्या शेजारचंच आणखी एक नाव. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तो सयाजीराव गायकवाड झाला. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि संस्थानात गावोगाव ग्रंथालयांचं जाळं विणलं. पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरत असत. खानदेशच्या वेशीवर जन्मलेल्या माणसाला हे शंभर वर्षांपूर्वी सुचलं, आणि आपण?

आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. चांगला आहे, वाचनकक्ष सगळ्यांना मोफत उघडा झाला तो त्याच्या आधाराने. पण ग्रंथालयासाठी वेगळा कर काही राज्यांनी लावला, आपण लावला नाही. सगळी मदार सरकारच्या अनुदानावर. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातल्या छोट्या वाचनालयाचं अनुदान २०२२ साली साठ टक्के वाढलं. ऐकायला छान वाटतं. तीस हजारांचे अठ्ठेचाळीस हजार झाले. वर्षाचे! महिन्याचे चार हजार. त्यात माणसाचा पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं, विजेचं बिल आणि बाइंडिंग. मी काही खेड्यांतल्या वाचनालयांकडून मजुरी मागायचंच सोडून दिलं होतं. भाकरी-ठेचा खाऊ घालायचे, तेवढं पुरे.

आता जरा नाजूक बोलतो. अभ्यासिकेवरून समितीत वाद झाला होता, मी तेव्हा बाहेर बाकावर गठ्ठे बांधत बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. एक सभासद म्हणाले, ही एमपीएससीची आणि पोलीस भरतीची पोरं आपलं एक पुस्तक घेत नाहीत, नुसता पंखा नि ट्यूबलाइट जाळतात. खरं होतं ते. माझ्याही पोटावर पाय होता, ही पोरं पुस्तकं झिजवत नाहीत, उलट मार्गदर्शकांतली पानं ब्लेडनं कापून नेतात. त्या कापलेल्या पानांचा राग मला अजून आहे. पण मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत सहा माणसांत बसून कोणी अभ्यास करून दाखवावा. शिरपूर, साक्रीहून पोरगी येते, तिला सात तास कोणी ‘इथे का बसलीस’ विचारत नाही अशी या शहरात दुसरी जागा सांगा. हॉटेलात चहा घ्यावा लागतो, देवळात दर्शन. इथे नुसतं बसता येतं. मी वादात तोंड घातलं नाही, बाइंडरला कोण विचारतो? पण मत आज सांगून टाकलं.

आणि एक कबुली राहिलीच. फार वर्षांपूर्वी, घाईत, एका जाडजूड कादंबरीचा एक जुज मी उलटा शिवला. सोळा पानं डोक्यावर उभी. लक्षात आलं नाही. पुस्तक दीड वर्ष फिरलं आणि परत आलं तेव्हा पाहतो तर त्या पानांच्या सुरुवातीला कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘येथून पुस्तक फिरवा.’ सोळा पानं संपली तिथे दुसऱ्याच अक्षरात: ‘आता सरळ करा.’ खाली तिसऱ्या कोणाचा शेरा, ‘आभारी आहे’. तक्रारवहीत एक ओळ नाही. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या तीन माणसांनी माझी चूक सांभाळून घेतली होती. ग्रंथपाल म्हणाले, पुन्हा बांधून द्या. मी बांधलं, मजुरी घेतली नाही. पण पेन्सिलीची अक्षरं काही मी खोडली नाहीत. पान सरळ झालं, सूचना तशाच राहिल्या. नवा वाचक तिथे आला की बुचकळ्यात पडत असणार.

तेच पुस्तक गेल्या आठवड्यात परत आलं. दुकान मुलाच्या ताब्यात आहे, त्यानं पाठ पाहून ओळखलं, “बाबा, हे तुमचंच.” तिसऱ्यांदा. समास संपलाय, म्हणून यावेळी छाटणी केली नाही, कडा तशाच खडबडीत ठेवल्यात. आज येताना सोबत आणलंय. हे घ्या. श्रावणाच्या हवेत खळ लवकर वाळत नाही, तेव्हा उद्यापर्यंत द्यायचं नाही कोणाला. रात्रभर वजनाखाली ठेवा. त्या काचेच्या कपाटातले जाड संच आहेत ना, ते वर ठेवा.