बाक घासलेला चाकू

नमस्कार मंडळी. हे टेबलावर जे चाकू मांडलेत ते बघून मघाशी दारातच एकांनी विचारलं, सुपारी कातरायचा कार्यक्रम आहे की काय. तसं नाही. हे सगळे बागकामाचे खिशातले चाकू आहेत, घडी होणारे, बहुतेक युरोपातले, आणि एकूण एक गोव्यातच सापडलेले. कुठे सापडतात म्हणाल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, भंगारवाल्याच्या पोत्यात, किंवा जुनं घर विकायला काढलं की स्वयंपाकघराच्या खणात, गंजलेल्या किल्ल्या आणि बाटल्यांची बुचं यांच्यासोबत. गोव्याच्या लिबरेशनच्या आधी पोर्तुगालचा माल मुरगावला यायचाच, शिवाय आपल्याकडे घरटी एक तरी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, तो हॅम्बुर्गहून नाहीतर लिस्बनहून येताना बापासाठी चाकू आणायचा, परफ्यूम बायकोला आणि चाकू बापाला, असा साधा हिशोब. पोर्तुगीजमध्ये त्याला कानिवेत म्हणतात.

आता पहिली गोष्ट, चाकूचा आकार. हा बघा, पात्याला पोपटाच्या चोचीसारखा बाक आहे ना, हा छाटणीचा. द्राक्षाच्या मळ्यातला. सरळ पात्याने फांदी कापायला गेलं की फांदी टोकाकडे सरकून निसटते, बाक असला की ती आत अडकते आणि आपण नुसतं स्वतःकडे ओढायचं. रोमन लोकांकडे हाच आकार होता, पण मोठा, कोयत्याएवढा, आणि पहिल्या शतकातल्या कोलुमेला नावाच्या लेखकाने तर त्या कोयत्याच्या प्रत्येक भागाला वेगळं नाव देऊन ठेवलंय, बाकाला एक, टोकाला एक, पाठीवरच्या छोट्या कुऱ्हाडीला एक. फ्रेंच माळी त्याला सर्पेत म्हणतात. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्त्राँ द मोलव्हिल नावाच्या फ्रेंच माणसाने छाटणीची कात्री काढली, सिकेटर म्हणतो ती, आणि हळूहळू चाकू मागे पडला.

दुसरा प्रकार कलमाचा. पातं सरळ, आणि धार एकाच बाजूने घासलेली, दुसरी बाजू आरशासारखी सपाट. तिसरा प्रकार डोळा भरायचा, म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्याच्या सालीत बसवायचा, गुलाबाला वगैरे, त्याच्या शेपटाला ही हाडाची चपटी पट्टी असते बघा, सालीला इंग्रजी टी सारखा काप दिला की या पट्टीने साल अलगद उचलायची. हाड का, तर लोखंडाची रसातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, गाठ पडली की काळं होतं, आणि हाड गुळगुळीत, आतल्या सालीला खरचटत नाही.

बनवणाऱ्यांची नावं म्हणाल तर इंग्लंडमधल्या शेफील्डचे सेनॉर आणि जोसेफ रॉजर्स, जर्मनीत राउटलिंगेनचे टीना, १८५४ पासूनचे, रेमशाइडचे कुंडे त्याच्याही आधीचे. रॉजर्सचा शिक्का म्हणजे एक तारा आणि एक माल्टीज क्रॉस. त्यावर मुकुट आणि व्ही आर असेल तर व्हिक्टोरिया राणी, म्हणजे साधारण १९०१ पर्यंतचा, जी आर असेल तर जॉर्ज, म्हणजे बहुतेक करून १९१० नंतरचा. नुसतं शेफील्ड लिहिलंय की खाली इंग्लंडही आहे हेही बघायचं, कारण अमेरिकेने १८९० मध्ये कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव पाहिजे, त्यामुळे देशाचं नाव दिसलं की बहुतेक करून त्यानंतरचा. नाव नसलं म्हणून जुनाच असं मात्र धरू नका, मी धरलं आणि तीन हजार घालवले. आणि स्टेनलेस लिहिलेला चाकू कोणी आजोबांच्या आजोबांचा म्हणून विकत असेल तर हसून चहा प्यायचा आणि उठायचं, हॅरी ब्रिअरलीने शेफील्डमध्ये ते स्टील काढलं तेच १९१३ ला.

मुठीबद्दल एक सांगायलाच हवं. ही खडबडीत, तपकिरी मूठ आहे ना, ही सांबराच्या शिंगाची. सांबराचा नर दरवर्षी शिंगं टाकतो, आपल्या देशातल्या जंगलांतून ती गोळा व्हायची, बोटीने शेफील्डला जायची, तिथे तासून चाकूला बसायची आणि त्यातले काही चाकू परत इकडेच. म्हणजे ही मूठ दोनदा समुद्र ओलांडून आलीय. पण विकत घ्यायच्या आधी थांबा, सांबराच्या शिंगाचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, तेव्हा जाहिरात दिसली की लगेच पैसे पाठवू नका. मी आता शिंगाच्या मुठीचं घेतच नाही, हा घरातलाच, सासऱ्यांचा.

जपायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो आणि गोव्यात तर यायलाच पाहिजे, जूनमध्ये उशीला बुरशी येते तिथे लोखंडाचं काय. लाल गंज काढायचा, करडा-निळसर डाग ठेवायचा, तो डाग पात्याला सांभाळतो. खोबरेल लावू नका, माहितीय घराघरात लावतात, पण ते चिकट होतं आणि सांध्यात जाऊन बसतं, मग चाकू उघडताना नख तुटतं. शिलाई मशीनचं तेल घ्या. चामड्याच्या पाकिटात कायमचा ठेवू नका, पितळ हिरवं पडतं. आणि मूठ अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या, कापरासारखा वास आला तर ती सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची, ती वेगळ्या डब्यात, कारण जुनं झालं की त्यातून जो वायू सुटतो तो शेजारच्या चाकूंनाही गंजवतो. माझे चार चाकू असे गेले आणि मी दोन वर्षं पावसाला शिव्या देत होतो. 

पॉलिशला तर हातच लावू नका. माझा पहिला चाकू मी मोठ्या हौसेने एका धारवाल्याकडे दिला, चकचकीत करून दे म्हटलं, त्याने दिला, इतका चकचकीत की शिक्का गेला. आज तो कोणाचा चाकू आहे ते मला पण सांगता येत नाही.

बरं, आता ज्याच्यासाठी खरं मी आलोय तो हा. दिसायला सगळ्यात वाईट. फोंड्याकडच्या एका कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, घरातून मिळाला, आजीबाईंनी नारळाची सोडणं सोलताना दाखवला, काही कामाचा नाही म्हणाल्या. मी घरी आणून बघतो तर पाठीला बाक आहे पण धार एकदम सरळ. असं कोणी बनवत नाही. शिवाय मिटल्यावर मुठीच्या खाचेत टोकाकडे बोटाच्या पेराएवढी जागा रिकामी, आणि नखाने उघडायची खाच, जी पाठीजवळ असते, तिच्यापर्यंत धार येऊन ठेपलेली. म्हणजे हा मुळात चोचीचा चाकू, आणि कोणीतरी चोच मोडून, कुरुंदाच्या दगडावर कितीतरी दिवस घासून तो सरळ केलाय. संग्राहकांच्या भाषेत हा मेला, ऑनलाइन टाकला तर शंभर रुपये पण कोणी देणार नाही.

पण असे मला एकूण पाच मिळालेत. पाचही गोव्यातले, पाचही आंब्याच्या बागा असलेल्या घरांतले. का, ते विचार करा. द्राक्ष आपल्याकडे नाही. तारवट्याने बंदरावर दुकानात जो चाकू छान दिसला तो आणला, बापाला काम होतं मानकुराद आंब्याच्या कलमाचं. बाठ्यापासून लावलं तर मानकुराद मानकुराद राहील याची खात्री नाही, कलमच बांधावं लागतं. आणि कलमाला, भेट कलम असो की कोय कलम, काप सपाट पाहिजे, एका ओढीत. बाकदार पात्याने काप खोलगट येतो, दोन काड्या एकमेकींवर ठेवल्या की मध्ये फट राहते, आतली हिरवी साल सालीला भेटत नाही, आठवडाभरात काडी काळी. हे आंब्याने शिकवलं आणि माणसाने चाकू बदलला. युरोपातल्या कारखान्याला कळणार पण नाही की त्यांच्या चोचीचं आम्ही काय केलं. मला विचाराल तर हे पाच चाकू कारखान्याचे राहिलेच नाहीत, हे इथलेच.

या एकाची अजून एक गंमत. धार एका बाजूने घासलीय, पण उलट्या बाजूने. माझ्या उजव्या हातात घेऊन काप दिला की पातं लाकडातून वर पळतं. डाव्या हातात घेतलं तर बरोब्बर बसतं. मी परत त्या घरी गेलो, आजीबाईंना विचारलं, तुमचे सासरे डावखुरे होते काय. त्या जरा वेळ बघत राहिल्या, म्हणाल्या, जेवायचे उजव्या हाताने, बाकी सगळं डाव्याने, तुला कोणी सांगितलं?

मी चाकू परत द्यायला निघालो तर घेईनात. तूच ठेव, म्हणाल्या, पण अंगणात मागे ते झाड आहे ते त्यांनी बांधलेलं, मे महिन्यात येऊन आंबे घेऊन जा. गेलो. कलमाची गाठ अजून खोडावर दिसते, मांडीएवढी.

चला, आता उठून जवळ येऊन बघा, हातात घ्या, उघडा, मिटा. फक्त पात्याला बोट लावू नका प्लीज, धारेमुळे नाही, घामामुळे. रात्री घरी जाऊन सगळे पुसायचे मलाच आहेत.