नवीन आणलेल्या खोंडाची पहिली रात्र

रामराम मंडळी. चिकोडी, रायबाग, अथणी, खानापूर, जिथनं ऐकताय तिथनं, आज बाजारातनं टेम्पोत घालून आणलेल्या खोंडांबद्दल आणि कालवडींबद्दल बोलायचंय. जनावर चांगलं पारखून आणतो आपण, आणि आठ दिवसात ते मान टाकून बसतं, मग घरात म्हणतात नजर लागली.

नजर नाही हो, पेंड लागली. मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतोय. खिल्लार खोंड आणलं होतं, दिवसभर उपाशी, बरगड्या दिसत होत्या, जीव तुटला म्हणून रात्रीच सरकी पेंड आणि मक्याचा भरडा पाटीभर ठेवला, त्यानं अधाशासारखा खाल्ला आणि सकाळी पोट फुगलेलं, पातळ आंबूस वासाचं शेण, रवंथ बंद. पोटात वैरण पचवणारे जंतू असतात, ते उपासानं कमी झालेले असतात, त्यात एकदम भरडा पडला की पोटात आम्ल तयार होतं. ते खोंड वाचलं नाही, आजही ती गव्हाण बघितली की आठवतं.

म्हणून आधी पाणी. स्वच्छ, थोडं थोडं, तासा-दीड तासानं. ओढ्यावर पिणाऱ्या वासराला प्लॅस्टिकची बादली कळतच नाही, म्हणून पाईपनं आवाज करत पाणी सोडा, ऐकून येतं ते. मग शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा कडबा, बारीक कुट्टी करून, नाहीतर वाळलेलं गवत. उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, त्या आठवड्यात नको, युरियाची प्रक्रिया केलेली वैरण तर नकोच. भरडा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाव किलोपासनं, रवंथ आणि शेण बघून हळूहळू वाढवत न्यायचा, दोन आठवडे लागले तरी लागू द्यात.

आणि वेसण टोचायची घाई करू नका, प्रवासानं आधीच अंगातली ताकद गेलेली असते. तीन आठवडे आपल्या जनावरांपासनं लांब बांधा, गव्हाण वेगळी, बादली वेगळी. घटसर्पाची, म्हणजे जनावराचा घसा सुजवणाऱ्या रोगाची लस कधी द्यायची ते डॉक्टरना विचारा.

रोज सकाळी ऊन चढायच्या आधी थर्मामीटर लावायचा. पारा साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइट असतो. नाक गळतंय, खोकतंय, कान पडलेत आणि पारा १०४ च्या वर गेलाय, तर संध्याकाळची वाट बघू नका, तेव्हाच डॉक्टरना फोन लावा.